जाणत्यांना शिकवताना

(सावित्रीबाई फुले यांच्या स्मृतिदिनी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आज 10 मार्च. 1897 साली याच दिवशी, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईंना प्लेगने गाठले आणि त्या गेल्या. या दिवशी आपण 1848 सालच्या भिडेवाड्यातल्या मुलींच्या शाळेची आठवण काढतो, आणि ती काढायलाच हवी. पण त्यांच्या कामाचा एक मोठा भाग या आठवणीत मागे राहतो. 1855 साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबून आलेली मोठी माणसे तिथे अक्षरे गिरवत होती. त्याच वर्षी जोतिरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. त्यात जोशीबुवाकडून नाडले गेलेले कुणबी नवरा-बायको अखेरीस रात्रीच्या शाळेत जायचे ठरवतात. आपण शिकायचे, हा मोठ्या माणसांनी मोठ्या वयात घेतलेला निर्णय आहे. माझा आजचा विषय तिथूनच सुरू होतो. असा निर्णय घेऊन माणूस वर्गाच्या दाराशी आला, तर त्याला शिकवायचे कसे?

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. मोठ्या माणसाला स्पष्ट शिकवायचे, तर तीन गोष्टी कराव्या लागतात. त्याला आधीपासून काय येते ते ओळखायचे. त्यावर एका वेळी एकच नवी गोष्ट ठेवायची. आणि ती गोष्ट त्याच दिवशी त्याच्या कामी येईल अशी सोय करायची. बाकीची सगळी तंत्रे या तिन्हींच्या पोटात येतात. ऐकायला हे सोपे वाटते. पण आपल्याकडचे बहुतेक प्रौढ वर्ग, प्रशिक्षण शिबिरे आणि सरकारी माहितीचे कार्यक्रम यांतली पहिली पायरीच गाळून पुढे जातात.

प्रौढ वर्गात येणारी बाई कोण असते, ते पाहू. ती घर चालवते. बचत गटाचा हप्ता, किराणा दुकानाची उधारी आणि मुलीच्या बाळंतपणाचा खर्च हे सगळे तिच्या डोक्यात असते. पाऊस लांबला तर पेरणी किती दिवस थांबवायची, हे ती सांगू शकते. शेकडो ओव्या तिला पाठ असतात. अशा बाईसमोर आपण पतंग आणि चेंडूची चित्रे असलेले पुस्तक उघडतो आणि तिच्याकडून ‘प पतंगाचा’ म्हणवून घेतो. ती लाजते, हसते आणि आठवडाभराने येईनाशी होते. मग अहवालात लिहिले जाते की महिलांमध्ये शिक्षणाची आवड कमी आहे. लहान मुलाला आपण उद्याच्या आयुष्यासाठी तयार करत असतो, म्हणून तो ‘हे पुढे उपयोगी पडेल’ या शब्दावर विश्वास ठेवतो. मोठ्या माणसाचे आयुष्य आज चालू आहे. त्याला आजचा उपयोग दिसला पाहिजे.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा आणि माण तालुक्यातल्या बायकांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तक म्हणून पुढे आलेल्या बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते, अर्जावर अंगठे होते. बायका खचून घरी बसल्या नाहीत, त्या शिकायला बसल्या. पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या तेव्हा त्यांनी सांगितले की कुठल्याही मुद्दलाचे व्याज आम्हाला विचारा, तुमच्या माणसांना यंत्र घेऊन बसू द्या, आणि कोण आधी सांगतो ते पाहा. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. यातली शिकवणाऱ्यांनी ध्यानात ठेवायची गोष्ट ही की, त्या बायकांना व्याज अक्षरांच्या आधी येत होते. त्यांना आकडेमोड शिकवायची नव्हती. डोक्यातली आकडेमोड कागदावर कशी मांडायची, एवढेच दाखवायचे होते.

याच गोष्टीचा अभ्यास ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात झाला आहे. तिथे रस्त्यावर नारळ आणि फळे विकणाऱ्या काही मुलांना संशोधकांनी गिऱ्हाईक होऊन हिशोब विचारले. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात विक्रीच्या जागी त्यांची शंभरातली सुमारे 98 उत्तरे बरोबर आली. तीच गणिते नुसत्या आकड्यांच्या रूपात कागदावर दिली, तेव्हा बरोबर उत्तरे सुमारे 37 वर घसरली. डोके तेच, हिशोबही तोच. फक्त त्याला कागदाचे अपरिचित कपडे घातले होते. ती मुले होती. आपल्या वर्गातल्या माणसाच्या मागे तर तीस-चाळीस वर्षांच्या व्यवहाराचे बळ असते. आपल्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ केली होती, आणि सव्वा, दीड, अडीच हे अपूर्णांक आजही बाजारात सहज बोलले जातात. तेव्हा अंकांच्या पहिल्या तासाला फळ्यावर एक ते दहा लिहू नका. विचारा, ‘अडीच किलो कांदे, किलोला तीस रुपये, तर पैसे किती द्याल?’ उत्तर आले की पुढचा प्रश्न विचारा: ‘कसे काढलेत?’ बाई सांगेल, दोन किलोचे साठ आणि अर्ध्याचे पंधरा. ती सांगेल तसे फळ्यावर लिहा. तिचीच रीत तिला पहिल्यांदा लिहिलेली दिसेल. त्या क्षणापासून अंक तिचे होतात.

शिकवायच्या आधी शरीराचा विचार करावा लागतो, आणि तो फार थोडे लोक करतात. चाळिशी आली की जवळचे दिसणे कमी होते. ज्या माणसाने कधी वाचलेच नाही त्याला हे कळतसुद्धा नाही, कारण जवळची बारीक खूण पाहायची वेळच आलेली नसते. तो वर्गात येतो, अक्षरे एकमेकांत मिसळलेली दिसतात, आणि तो म्हणतो, ‘आता या वयात काही डोक्यात शिरत नाही.’ डोके ठीक असते, चष्मा नसतो. प्रौढ वर्गाचे पहिले साधन पाटी-पेन्सिल आहे असे आपण समजतो. माझ्या मते ते नेत्रतपासणी शिबिर आहे. त्यानंतर उजेड, त्यानंतर ठळक, मोठ्या टाइपातले पुस्तक. खुरपे आणि कुदळ धरणाऱ्या बोटांना बारीक पेन्सिल धरवत नाही, म्हणून जाड पेन्सिल किंवा खडू द्यावा. रांगोळी काढणाऱ्या बाईच्या हातात रेषेवरचा ताबा आधीच असतो. तिला अक्षराची वळणे आधी जमिनीवर रांगोळीने काढू द्यावीत, मग पाटीवर. आणि वेळ तिने ठरवावी. भातलावणीच्या दिवसांत वर्ग ओस पडतो तो आळसाने नव्हे. वेळापत्रक पिकाप्रमाणे आखले नाही म्हणून.

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे गावी 2016 सालच्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन शाळेत येऊ लागल्या. वर्तमानपत्रांनी त्या गणवेशाचे फोटो छापले. मला त्यात शिकवण्याची एक जाण दिसते. शाळा गावातच होती, वर्ग दुपारच्या मोकळ्या वेळेचा होता, सगळ्या समवयस्क होत्या आणि सगळ्या एकसारख्या दिसत होत्या. शिकायला निघाल्याची लाज एकटीला वाटते, दहाजणींना वाटत नाही. लाज कमी करणे हा अध्यापनाचाच भाग आहे.

आता अक्षरांकडे येऊ. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी 1963 साली आंजिकोस या गावात सुमारे तीनशे मजुरांना चाळीस तासांच्या अभ्यासक्रमाने लिहायला-वाचायला शिकवले. तिथे असाक्षराला मताधिकार नव्हता, त्यामुळे या वर्गांचा परिणाम सरळ राजकारणावर होणार होता. पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता घेतली, फ्रेरे तुरुंगात गेले आणि मग देशाबाहेर. त्यांची पद्धत अशी होती: आधी त्या वस्तीत राहून, लोक रोज कोणते शब्द पोटतिडकीने बोलतात ते टिपायचे. त्यांतून मोजके शब्द निवडायचे. बांधकामावरच्या मजुरांसाठी एक शब्द होता ‘वीट’. आधी विटेचे चित्र दाखवून बोलायचे: वीट कोण भाजतो, घर कोणाचे होते, मजुरी किती मिळते. चर्चा रंगली की मग तो शब्द लिहायचा, फोडायचा आणि त्याच्या तुकड्यांतून नवे शब्द लोकांनीच जुळवायचे.

ही पद्धत मराठीला फार छान बसते. आपली लिपी उच्चारानुसारी आहे, एक अक्षर आले की ते दहा शब्दांत उपयोगी पडते. उदाहरण घेऊन दाखवते. पहिला शब्द घ्या ‘काम’. आधी कामाविषयी बोला. कोण किती काम करते, कोणत्या कामाला मोल मिळते, घरातल्या कामाची गणती कशात होते. मग ‘काम’ लिहा. क, म आणि काना, एवढेच नवे. यांतून ‘मका’ होतो, ‘काका’ होतो, ‘मामा’ होतो. दुसऱ्या दिवशी फक्त एक अक्षर वाढवा: र. आता पाहा काय काय तयार होते: कर, करा, मार, राम, करार. ‘काका, काम करा’ हे पूर्ण वाक्य दुसऱ्या दिवशी वाचता येते. तिसऱ्या दिवशी द द्या. दर, दार, दाम. चौथ्या दिवशी ग, आणि माणूस ‘कामगार’ वाचतो. पाच अक्षरे आणि एक काना एवढ्यावर त्याला करार, दर आणि कामगार वाचता येतात. ज्या कागदावर त्याने आयुष्यभर अंगठा उठवला, त्या कागदावरचे हे शब्द आहेत. अ ते ज्ञ अशा क्रमाने गेलो असतो तर त्याला महिनाभर यातले काहीच मिळाले नसते. काही शिक्षक वळणाच्या सोयीने ग, म, भ, न असा क्रम घेतात. हाताच्या दृष्टीने तोही चांगला आहे. पण निवडीची पहिली कसोटी ही असावी की या आठवड्यात शिकलेल्या अक्षरांतून माणसाच्या गरजेचा शब्द तयार होतो का.

जोडाक्षरे आणि र ची रूपे यांना घाई करू नये. ‘प्रकाश’, ‘सूर्य’, ‘ट्रक’ आणि ‘सुऱ्या’ या चार शब्दांत र चार तऱ्हांनी बसतो. चारही एका तासात दाखवले की शिकणाऱ्याच्या डोक्यात गोंधळ होतो आणि त्याला वाटते दोष आपलाच आहे. एक रूप आठवडाभर चालू द्यावे, एसटीच्या पाटीवर, खताच्या पिशवीवर, दिनदर्शिकेवर ते शोधायला सांगावे, मग दुसरे घ्यावे.

वाचनासाठी मजकूर कुठून आणायचा, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. माझे उत्तर आहे, शिकणाऱ्यांच्या तोंडून. लोकसाहित्याचे अभ्यासक हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या रचणाऱ्या आणि गाणाऱ्या बहुतेक बायकांना अक्षर येत नव्हते. एवढे साहित्य ज्यांच्या जिभेवर आहे त्यांच्यासाठी आपण पुस्तके बाहेरून आणतो. वर्गात एकीला ओवी म्हणायला सांगा. ती म्हणेल तशी, तिच्या उच्चारासह, फळ्यावर लिहा. सगळ्याजणींना ती आधीच पाठ आहे, त्यामुळे नजर अक्षरावरून फिरताना पुढचा शब्द काय असणार हे त्यांना ठाऊक असते. अडखळणे कमी होते, वाचण्याचा वेग येतो, आणि आपले बोललेले लिहिता येते हा मोठा शोध त्यांना लागतो.

इथेच बोलीचा प्रश्न येतो. अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्याने ‘पानी’ म्हटले की लगेच ‘पाणी म्हणा’ अशी दुरुस्ती करणारा शिक्षक त्याच क्षणी त्याचे तोंड बंद करतो. मेळघाटातल्या कोरकू किंवा गडचिरोलीतल्या गोंडी भाषकाला तर मराठी हीच दुसरी भाषा आहे. त्याला एकाच वेळी नवी भाषा आणि नवी लिपी शिकवणे म्हणजे दोन ओझी एकदम देणे. आधी त्याचे शब्द देवनागरीत लिहा. लिपी आली की प्रमाण मराठीकडे जाण्याचा रस्ता त्याच्यासाठी मोकळा होतो, आणि तो स्वतःच्या इच्छेने जातो.

श्रोतेहो, मोठ्या माणसांना शिकवण्याचे मला सर्वांत थोर वाटणारे उदाहरण अक्षरांचे नाही, आरोग्याचे आहे, आणि ते बांगलादेशातले आहे. हगवणीने मुले मरत होती. उपाय साधा होता: मीठ आणि गूळ घातलेले पाणी. पण प्रमाण चुकले, मीठ जास्त झाले, तर तेच पाणी घातक. ‘ब्रॅक’ या संस्थेने 1980 ते 1990 या दहा वर्षांत कार्यकर्त्या स्त्रियांना घरोघर पाठवून सुमारे सव्वा कोटी घरांतल्या आयांना हे पाणी बनवायला शिकवले. त्यांतल्या बहुतेक आयांना लिहिता-वाचता येत नव्हते.

त्यांनी काय केले ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. मापासाठी चमचे वाटले नाहीत, कारण चमचा हरवतो. माप हातालाच दिले: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. हात घरोघर असतो. लक्षात ठेवायचे मुद्दे आधी दहा होते, ते पुढे सातवर आणले. जे सांगितले नाही तरी चालेल ते काढून टाकण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. कार्यकर्ती स्वतः पाणी बनवून दाखवी, आणि मग आईला तिच्याच घरात, तिच्याच भांड्यात, तिच्याच हाताने बनवायला लावी. त्यानंतरची व्यवस्था सर्वांत महत्त्वाची. काही दिवसांनी दुसरीच व्यक्ती काही निवडक घरी जाऊन आईला मुद्दे विचारी आणि तिने बनवलेल्या पाण्याचा नमुना तपासायला नेई. कार्यकर्तीचा मोबदला आईला किती आले यावर ठरे. किती घरांना भेटी दिल्या, किती तास बोलले, याला पैसे नव्हते.

मी प्रशिक्षणाच्या प्रत्येक कार्यक्रमात ही गोष्ट सांगते, कारण आपल्याकडे सारे मोजमाप उलटे आहे. किती शिबिरे घेतली, किती उपस्थिती, किती पुस्तिका वाटल्या, हे आपण मोजतो. शिकवणे स्पष्ट होते की नाही, हे शिकवणाऱ्याच्या बोलण्यावरून ठरत नाही. शिकणाऱ्याच्या हातून काय झाले यावरून ठरते.

म्हणून ‘कळलं का?’ हा प्रश्न प्रौढ वर्गातून हद्दपार करावा, अशी माझी विनंती आहे. मोठा माणूस या प्रश्नाला ‘हो’च म्हणतो. तो खोटे बोलत नसतो. समोरच्या शिकलेल्या माणसाचा मान राखत असतो आणि चारचौघांत स्वतःची लाज झाकत असतो. त्याऐवजी विचारावे, ‘घरी गेल्यावर सुनेला हे कसे सांगाल?’ या प्रश्नात परीक्षा शिकणाऱ्याची राहत नाही, आपल्या सांगण्याची होते. तो जिथे अडखळेल तिथे आपले सांगणे कमी पडले. गोळी ‘दिवसातून तीनदा’ असे सांगितले तर कोणी तिन्ही सकाळीच घेईल. ‘सकाळच्या न्याहारीनंतर एक, दुपारच्या जेवणानंतर एक, रात्रीच्या जेवणानंतर एक’ असे सांगून, मग त्याच्याच तोंडून परत ऐकले, की चूक घरी पोचत नाही.

हे आपल्या मातीत नवे नाही. गाडगेबाबांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते, पण लोकशिक्षणाचा त्यांच्याइतका मोठा शिक्षक महाराष्ट्राने क्वचितच पाहिला असेल. त्यांचे कीर्तन म्हणजे एकामागून एक प्रश्न. ते विचारायचे, हजारो माणसे उत्तर द्यायची, आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघायचा. दारू, कर्ज, नवसाचे बकरे, पोरांची शाळा या सगळ्यांचा निष्कर्ष श्रोता स्वतःच्या तोंडाने उच्चारायचा. स्वतः उच्चारलेला निष्कर्ष माणूस सहज टाकून देत नाही.

चुकांविषयी थोडे. प्रौढ माणसाची चूक चारचौघांत दाखवू नये. दहा चुका असल्या तर आजच्या धड्यातली एक निवडावी, जवळ बसून दाखवावी, बाकीच्या सोडून द्याव्यात. वहीवर लाल शाई नको. ‘आजी, तुम्ही’ अशी हाक हवी, आणि वयाने लहान असलेल्या शिक्षकाने ती विसरू नये. आदर ही शिष्टाचाराची बाब म्हणून मी सांगत नाही. अपमानाची भीती मनात असताना लक्ष त्या भीतीवर खर्च होते आणि धड्यासाठी काही उरत नाही. आदरामुळे शिकणे सोपे होते.

आणि विसरणे. शिकलेले अक्षर वापरले नाही तर जाते. राष्ट्रीय साक्षरता मिशनने 1988 नंतर साक्षर कोणाला म्हणायचे याची जी मानके ठरवली, त्यांत सोपा मजकूर मिनिटाला 30 शब्द या वेगाने मोठ्याने वाचता येणे हे एक होते. वेग का महत्त्वाचा? कारण फार सावकाश वाचले तर वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरते, आणि अर्थ लागत नाही. अर्थ लागला नाही की माणूस वाचणे सोडतो, आणि वर्ष-दोन वर्षांत पुन्हा अंगठ्यावर येतो. हे ध्यानात ठेवून आपल्याकडची एक मोहीम पाहू. 1959 साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. शिक्षक, विद्यार्थी, गावातले शिकलेले लोक मोबदला न घेता शिकवायला उभे राहिले, गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई, आणि पुढे ती मोहीम राज्यभर गेली. महाराष्ट्राच्या इतिहासातले ते एक सोनेरी पान आहे. त्यातून घ्यायचा धडा असा की समारंभानंतरच्या वर्षाची आखणी समारंभाआधी तयार असली पाहिजे. गावात मोठ्या टाइपातली छोटी पुस्तके, भिंतीवरचे वृत्तपत्र, आठवड्यातून एक वाचनाची संध्याकाळ. आणि उजळणी करताना पुन्हा वाचून दाखवण्यापेक्षा आठवायला लावावे. पुस्तक मिटून ‘काल कोणते शब्द आले?’ असे विचारावे. आठवण्याचा प्रयत्न केला की शिकलेले जास्त टिकते, हे स्मरणशक्तीच्या प्रयोगांनी पुन:पुन्हा दाखवले आहे.

आज प्रौढ विद्यार्थी म्हणजे केवळ असाक्षर माणूस नव्हे. बँकेच्या मोबाइल व्यवहारासमोर निवृत्त मुख्याध्यापकही विद्यार्थी असतो. घरोघरी हा वर्ग चालू आहे, आणि बहुतेक घरांत तो वाईट चालला आहे. नातू आजोबांच्या हातातून फोन घेतो, चार ठिकाणी बोट लावतो, ‘झालं, सोपं आहे’ म्हणून परत देतो. आजोबांना त्यातून काम झालेले मिळाले, शिक्षण काहीच मिळाले नाही. नियम एकच ठेवा: फोन शिकणाऱ्याच्या हातातून घ्यायचा नाही. बोट त्याचे, डोळे त्याचे, सांगणे आपले. पायऱ्या त्यानेच स्वतःच्या शब्दांत वहीत लिहायच्या. आणि दहा सूचना देण्याऐवजी एक तत्त्व पक्के करायचे. यूपीआयचा पिन पैसे पाठवायला किंवा शिल्लक पाहायला लागतो, पैसे घ्यायला कधीच लागत नाही. हे एक वाक्य ज्याला नीट समजले, तो ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ म्हणणाऱ्या भामट्याला फसणार नाही, त्याची क्लृप्ती कितीही नवी असली तरी. सूचना जुन्या होतात, तत्त्व टिकते.

कोणी विचारील, एवढी उठाठेव करून मिळते काय? आंध्र प्रदेशातल्या नेल्लोर जिल्ह्यात नव्वदच्या दशकाच्या आरंभी साक्षरतेच्या वर्गांत दारूमुळे मोडलेल्या संसाराचा एक धडा होता. दुबागुंटा गावच्या बायकांनी तो वाचला, त्यावर बोलल्या आणि गावातले अरकाचे, म्हणजे देशी दारूचे, दुकान बंद पाडले. आंदोलन जिल्हाभर आणि मग राज्यभर पसरले, आणि 1993 साली सरकारला अरकावर बंदी घालावी लागली. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईत साक्षरता अभियानाबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या आणि बाजार, शाळा, पाणी यांसाठी कोणाच्या आधाराशिवाय जाऊ लागल्या. धड्याचा विषय त्यांच्या जगण्याला भिडणारा होता, म्हणून पुढचे घडले.

2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची साक्षरता 82.34 टक्के, आणि स्त्रियांची 75.87 टक्के. सात वर्षांवरच्या दर चार स्त्रियांतली जवळजवळ एक तेव्हा अक्षराबाहेर होती. 2022 पासून केंद्र सरकारचा नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे, त्याला ‘उल्लास’ म्हणतात. तो स्वयंसेवकांवर उभा आहे, आणि त्यात वाचन, लेखन, संख्याज्ञान यांची 150 गुणांची चाचणी होते. चाचणी असावी. पण परीक्षेच्या दिवशीची गर्दी म्हणजे शिक्षण नव्हे. स्वयंसेवकाला पुस्तिका देण्याआधी शिकवायचे कसे हे शिकवले पाहिजे, आणि त्याच्या कामाची पाहणी शिकणाऱ्याच्या घरी, काही महिन्यांनी झाली पाहिजे. शासनाकडे माझी ही मागणी आहे.

तुमच्याकडे मागणी लहान आहे. तुमच्या घरी काम करणाऱ्या मावशी, सोसायटीचे रखवालदार, शेजारच्या आजी, यांतल्या एका माणसाला विचारा, ‘तुम्हाला काय वाचता यायला हवे आहे?’ तो सांगेल तिथून सुरुवात करा: पगाराची चिठ्ठी असेल, गॅसचे पुस्तक असेल, नातवाचे नाव असेल, सातबारा असेल. रोज अर्धा तास द्या, पाऊस-पाण्याची, सणासुदीची सुट्टी घ्या, पण वर्षभर सोडू नका. सावित्रीबाईंच्या रात्रीच्या शाळेला परवानगी, इमारत आणि अनुदान यांची वाट पाहायची नव्हती. आपल्यालाही नाही. आजच्या स्मृतिदिनी एवढे ठरवून उठा.